दुसरी प्रत

मी लहान असताना, म्हणजे एकोणसाठ वर्षांची असताना, भरल्या सभेत माईकसमोर उभं राहून एका कादंबरीच्या शेवटाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्या कादंबरीचा शेवट मी वाचलेलाच नव्हता. आणि मी तो वाचलेला नाही, हे मला माहीतही नव्हतं.

हसून घ्या. आमच्या घरात अजून हसतात. नातीच्या मोबाईलवर ते सगळं चित्रीकरण आहे आणि पाहुणे आले की चहाबरोबर ते दाखवलं जातं. त्यात मी काठपदराची साडी नेसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, ‘हा शेवट मराठी साहित्यातील एक धाडस आहे’ असं म्हणते. पहिल्या रांगेत कोपऱ्यात एक सावळी, किडकिडीत बाई बसलेली दिसते. साडीखाली तिने खेळाडू घालतात तसले बूट घातलेत. त्या अहिरे मॅडम. हे लिहायला बसले ते त्यांच्यासाठी. माझी फजिती फुकटात.

माझं बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न झालं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढची चाळीस वर्षं मी घरात एकच रडगाणं गायले : मला शिकू दिलं असतं तर! भाकरी करपली, मला शिकू दिलं असतं तर. दीर प्राचार्य झाला, मला शिकू दिलं असतं तर. सासूबाईंनी कॉलेज सोडायला लावलं, हे तर शेजारपाजारच्या पोरांनाही पाठ होतं. मग सासूबाई गेल्या, मुलांची लग्नं झाली, आणि एके दिवशी सून शांतपणे म्हणाली, “आई, आता नाव घाला ना कॉलेजात. आता कोण अडवतंय?”

कोणीच अडवत नव्हतं. हीच तर पंचाईत. आता नापास झाले असते तर चाळीस वर्षांचं गाऱ्हाणंही हातचं गेलं असतं. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, प्रवेशाच्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, “पास व्हशी ना?” त्यात चेष्टा किती आणि काळजी किती, ते मला आजवर कळलेलं नाही.

तर धुळ्याच्या एका कॉलेजात मी पुन्हा बसू लागले. दोन वर्षं कशीबशी ढकलली. शेवटच्या वर्षाला मराठी खास विषय घेतला आणि अहिरे मॅडम भेटल्या. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या. रोज एसटीने यायच्या, एसटीने जायच्या. तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवतील तितके पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देवाला ठाऊक. बूट एसटी पकडण्यासाठीच. “आक्का, गाडी चपलांसाठी थांबत नाही,” म्हणायच्या. वर्गात त्या मला ‘सुमनबाई’ म्हणत आणि मी त्यांना ‘मॅडम’. वर्गाबाहेर पडलं की मी आक्का, आणि त्या तरीही मॅडमच. एकदा मी चुकून ‘वैशाली’ म्हटलं. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना एक संशोधनपर समीक्षालेख सांगितला. पुस्तक आपण निवडायचं, वाचायचं, त्याबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते शोधायचं, आणि मग स्वतःचं म्हणणं आधारासह मांडायचं. मी एका रात्रीत दोन पानं लिहून नेली. सुरुवात होती, ‘अनेक जाणकारांच्या मते…’

मॅडमनी तिथेच पेन्सिल थांबवली. “कोण जाणकार?”

“बरेच आहेत.”

“नावं?”

मी पान उलटून पाहिलं.

“गाव तरी?”

वर्ग खदखदला. मॅडम हसल्या नाहीत. “सुमनबाई, तुमच्या मुलीला स्थळ आलं आणि मध्यस्थ म्हणाला, मुलगा चांगला आहे असं अनेक जाणकारांचं मत आहे, तर द्याल मुलगी?”

“त्याले दारातूनच हाकली दिसू,” मी म्हणाले. तोंडातून अहिराणी निघून गेली.

“मग वाक्याला पण तेच करा. नाव विचारायचं, गाव विचारायचं. सांगता आलं नाही, तर दारातून परत.”

तेव्हापासून आमच्या वर्गात ‘गाव?’ हा परवलीचा शब्द झाला. कुणी म्हणालं, कॅन्टीनची शेवभाजी धुळ्यात एक नंबर, की मागून आवाज यायचा, “गाव?”

त्या कधीही लाल पेन वापरत नसत. पेन्सिलीने समासात फक्त प्रश्न लिहायच्या. ‘कुणी म्हटलं?’ ‘कुठे?’ ‘हे तुम्हाला दिसलं की वाटलं?’ चूक असं कुठेच लिहिलेलं नसायचं, पण पान परत आलं की चुकांनी अंगावर काटा यायचा. एका पोराने मोबाईलवरून सबंध लेख उतरवून आणला होता. मॅडमनी त्याला रागावून पाहिलंही नाही. आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी मोडून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “खा. खाता खाता सांग, यातलं ‘अस्तित्ववादी’ म्हणजे तुझ्या घरात कोण? आजोबा की मामा?” पोरगं भाकरी चघळत आपलाच लेख वाचू लागलं. मग म्हणालं, “मॅडम, परत लिहितो.” मॅडम म्हणाल्या, “ठेचा घे ना.”

पुस्तक हातात आलं की त्या आधी वाचत नसत. जावई बघावा तसं त्याला सगळीकडून बघायच्या. पाठ चाचपायची, पहिली पानं, मग थेट शेवटचं पान, कुठे छापलं, कुणी छापलं, कितवी आवृत्ती. मला वाटायचं, एवढी चौकशी कशाला? गोष्ट तर आत असते.

मी निवडलेली कादंबरी खानदेशातल्याच एका विसरल्या गेलेल्या लेखिकेची होती. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शोधायला जाल आणि माझी फजिती पानावार ताडून बघाल. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची एक जुनी प्रत होती, नव्याने पुठ्ठा चढवलेली. खेड्यातली एक सून, तिच्यावर डोळे वटारणारी सासू, घुसमट. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, वाक्य होतं, ‘तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि’. बस्स. पुढे पुठ्ठा.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. काय शेवट! पूर्णविराम नाही, उत्तर नाही! मी त्या एका ‘आणि’वर चार पानं लिहिली. त्यात स्त्रीचं स्वातंत्र्य आलं, अपूर्णतेचं सौंदर्य आलं, काळाच्या पुढची लेखिका आली. मॅडमच्या धाकाने मी आधारही गोळा केले होते. मोकळ्या शेवटाबद्दल कोण काय म्हणालं ते नाव-गावासह. सासूला तर मी असं झोडपलं होतं की काही विचारू नका. ‘जुलमी परंपरेचा चेहरा’ असं लिहिलं होतं. लिहिताना कुणाचा चेहरा समोर होता, ते तुम्ही ओळखलंच असेल.

लेख परत आला तेव्हा समासातले प्रश्न कमी झाले होते. मी खूश. शेवटच्या पानावर, ‘आणि’च्या शेजारी, बारीक अक्षरात एकच होता : ‘दुसरी प्रत पाहिलीत का?’

मी मनात म्हटलं, एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत काय वेगळं असणार? एकाच छापाच्या दोन साड्या कोणी उलगडून बघतं का? खरं म्हणजे साडीच्या दुकानात मी दोन्ही उलगडते, उजेडात नेते, काठ तपासते, आणि मग तिसरी मागते. पण पुस्तक म्हणजे काय साडी? बाकीच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, हा सोडून दिला.

कॉलेजात निवडक लेखांचं वाचन ठरलं. जळगावहून एक ज्येष्ठ प्राध्यापक पाहुणे आले होते. माझा लेख निवडला गेला, म्हणून मी सगळं गोत बोलावलं. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सून, नात, शेजारच्या दोघी. चाळीस वर्षांचं गाऱ्हाणं खरं होतं, याचा पुरावा द्यायचा होता ना!

मी वाचलं. टाळ्या पडल्या. पाहुणे मृदू स्वभावाचे होते. म्हणाले, “बाई, भाषा फार छान आहे. पण ती चपला घ्यायला परत येते, त्याचं काय केलंत?”

“कोण?”

“तुमची नायिका.”

“कुठे परत येते?”

“घरातच. चपला विसरलेली असते ना.”

मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. “हे बघा ना सर. इथे संपलंय.”

त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. शिवणीतून तुटक्या दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं होतं. अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, संपलं नाही. फाटलंय.”

सभागृह हसलं. पोरं हसली, शेजारच्या दोघी हसल्या. नाना तेवढे जमिनीकडे बघत होते. आणि तेवढ्यात अहिरे मॅडम उठून उभ्या राहिल्या.

“सर, मार्गदर्शक मी आहे. प्रत मी तपासायला हवी होती. चूक माझी आहे.”

मी माईकवरच ओरडले, “नाही हो! यांनी विचारलं होतं, हे बघा!” आणि लेखाचं शेवटचं पान झेंड्यासारखं वर धरलं. पेन्सिलीची अक्षरं पहिल्या रांगेलाही दिसली नसतील.

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “प्रश्न लिहून सोडला. उत्तर आलं का ते बघायचं काम माझं होतं.” आणि खाली बसल्या. त्यांच्याच एक सहकारी बाई बाहेर मला म्हणाल्या, “तासिकेवरच्या माणसाने सभेत असं चूक-बिक म्हणायचं नसतं हो. पुढच्या वर्षी तासांची वाटणी होताना लक्षात ठेवतात.”

रिक्षाने घरी आलो. चहा पिताना नाना म्हणाले, “चाल, आते ते शिकू दिधं ना.” चेष्टाच होती ती. पण माझ्या जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन नाव काढून घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हेही मीच मनात म्हणून घेतलं, त्यांच्याच आवाजात.

सकाळी फोन आला. “आक्का, रविवारी पहिल्या गाडीने निघा. मी शिरपूरला चढते. खिडकीची जागा धरून ठेवा.”

“कुठे जायचं मॅडम?”

“चोपड्याला. तिथल्या जुन्या वाचनालयात एक प्रत आहे. मी विचारून ठेवलंय.”

“पण मी नाव काढून…”

“काढा ना. आधी शेवट तर वाचा.”

गाडीत शिरपूरला चढल्या तेव्हा हातात पिशवी, पिशवीत पेन्सिली, केळी आणि दोन डबे. म्हणाल्या, “मुक्कामी जायचं असल्यासारख्या भाकरी केल्या मायनं. आक्का संगे शे म्हनं ना.” वाटभर त्यांनी सभेचा विषय काढला नाही. केळीच्या बागा मागे जात होत्या. एका ठिकाणी त्या एवढंच म्हणाल्या, “मी पण एकदा एका लेखिकेला तीन वर्षं लेखक समजून लिहिलं होतं. सरांनी सांगितलं तेव्हा दोन दिवस जेवले नाही. मग भूक लागली.”

चोपड्याच्या वाचनालयातल्या बाईंनी कपाट उघडून दिलं. पुस्तक जाडजूड. मॅडमनी सवयीने आधी पाठ चाचपली, शेवटचं पान पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं. खिडकीशी लांब टेबल होतं. मी तिथूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि चपला राहिल्याचे तिच्या लक्षात आले.’

ती परत आत येते. सासू चुलीशी बसलेली असते. सुनेला वाटतं, आता सुरू होणार. सासू म्हणते, निघायचं तर जेवून निघ. ताट वाढते. सुनेच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो, म्हणून स्वतःच्या काढून तिच्यापुढे सारते. आणि पहाटे अनवाणी तिला फाट्यापर्यंत सोडायला जाते. तिथे कादंबरी संपते. पूर्णविरामासकट.

ताटापर्यंत मी वाचलं. उरलेली पानं मॅडमनी वाचली. मी पदर डोळ्यांना लावलेला. दुसरी कुणी असती तर पाठीवरून हात फिरवला असता. मॅडमनी पेन्सिल पुढे केली. “लिहा आक्का. आधी पान क्रमांक. रडणं नंतर.”

परतीच्या गाडीत मी त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं, सुरुवातीपासून, एकही अंतरा न गाळता. सासूबाईंनी कसं कॉलेज सोडायला लावलं, मी कशी आत जाऊन रडले. मॅडम खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्या स्वतः तुम्हाला म्हणाल्या होत्या, जाऊ नको?”

“त्या कशाला म्हणतील? नानांनी येऊन सांगितलं, आईला चालणार नाही.”

“म्हणजे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.”

“अहो, पण चाळीस वर्षं…”

“दुसरी प्रत पाहिलीत का, आक्का?”

शिरपूर आलं. त्या उतरल्या, आणि बुटांनी धाडधाड करत दुसऱ्या गाडीच्या मागे पळाल्या.

त्या आठवड्यात मी लेख नव्याने लिहिला. फाटक्या प्रतीची हकीकत पहिल्याच परिच्छेदात घालायला मॅडमनी लावली. मी म्हटलं, “आता परत कशाला शोभा?” तर म्हणाल्या, “उद्या दुसरं कोणी तीच प्रत उघडेल. त्याला कोण सांगणार?” सासूवरची चार पानं मी स्वतःच्या हाताने खोडली आणि नवी लिहायला घेतली. लिहिता येईनात. कारण चूल, ताट, चपला लिहायला लागले की दर वेळी आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन पोचायचे. माझ्या सासूबाई मला काय वाढत होत्या, कसं वाढत होत्या, हे आठवायचं म्हटलं तर मला फक्त माझं रडणंच आठवत होतं. दोन दिवस पेन्सिल चावली, आणि मग नानांसमोर जाऊन बसले. ते पेपर वाचत होते.

“मला एक सांगा. कॉलेज सोड, हे सासूबाई तुम्हाला नेमकं काय म्हणाल्या होत्या? शब्द सांगा.”

“आते काय त्यानं?”

“लेखासाठी पाहिजे.”

नानांनी पेपर खाली केला नाही. पेपरच्या मागूनच आवाज आला. “माय काही म्हनी नही. माय ते म्हने, जाऊ दे तिले. मीच नको म्हंतं.”

“आणि नाव त्यांचं सांगितलंत?”

“तू मायवर रागावशी, मावर नही, असं वाटनं.”

पेपर तसाच वर. मी उठले. त्या दिवशी वरणात मीठ पडलं नाही आणि नानांनी ते मुकाट्याने खाल्लं. संध्याकाळी मी सासूबाईंच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. पदराने फोटो पुसला. मग लेख पुरा केला. सासूची पानं या वेळी एका बैठकीत झाली.

मी पास झाले. गुण विचारू नका. नाना सगळ्यांना सांगतातच. गाऱ्हाणंही शाबूत राहिलं, फक्त त्याचा पत्ता बदलला. हे दोन्ही मला अहिरे मॅडमनी दिलं. शिकवणारे पुष्कळ असतात. आपल्या हातातलं पुस्तक फाटकं आहे, हे आपल्याला लाज न वाटू देता सांगणारं माणूस मला एकोणसाठाव्या वर्षी भेटलं. उशीर झाला असं मी म्हणणार नाही. आधी भेटल्या असत्या तर त्या पाळण्यात असत्या.

पुढच्या वर्षी त्यांना धुळ्यात तास मिळाले नाहीत. का, ते कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. जळगावकडच्या एका कॉलेजात मिळाले. कायमचे नाहीत, पण इथल्यापेक्षा जास्त. निघायच्या दिवशी मी धुळ्याच्या स्टँडवर गेले. त्या खिडकीत बसल्या होत्या. मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा, पायात तेच बूट. मी भरताचा डबा आत दिला आणि नानांची सगळी हकीकत खिडकीखाली उभी राहून एका दमात सांगून टाकली. माय काही म्हणाली नव्हती, यांनीच नको म्हटलं होतं, आणि चाळीस वर्षं ती बिचारी माझ्या तोंडून बोलणी खात राहिली. “आता यांना सोडत नाही मी, मॅडम! पुरावा मिळाला!”

कंडक्टरने घंटी मारली. मॅडम खिडकीतून वाकल्या. डोळ्यांत हसू होतं. गाडी हलता हलता म्हणाल्या,

“हाई ते नानासनं म्हननं जायं, आक्का. दुसरा आधार शे का?”